डोंबिवलीहून कोपरीला चौदा प्रकरणं

रविवार, १९ जानेवारी. डोंबिवली पूर्वेला एका सोसायटीच्या तळमजल्यावरची आमची खोली. हजर: अध्यक्ष, सचिव, खजिनदार आणि मी. गैरहजर: जिच्यासाठी बैठक बोलावली होती ती. तिला कळवायचं राहून गेलं होतं.

कुठल्याही बैठकीची टिपणं मी अशी हजेरीनेच सुरू करते. कोण होतं ते आधी लिहून ठेवलं की पुढे "मी त्या दिवशी नव्हतोच" हे वाक्य कुणाला वापरता येत नाही. आमच्या संस्थेत ते वाक्य फार चालतं.

संस्था म्हणजे काय, तर आम्ही अंध विद्यार्थ्यांसाठी पुस्तकं मोठ्याने वाचतो आणि ती कॉम्प्युटरवर ध्वनिमुद्रित करतो. वाचायचं डोंबिवलीला, ऐकायचं ठाण्याला, कोपरीच्या केंद्रात. हेतू उत्तम आहे. वाचणारी माणसं मनापासून वाचतात. माझी तक्रार आहे ती वाचून झाल्यानंतरच्या कारभाराबद्दल. वाचलेलं पुस्तक डोंबिवलीहून कोपरीला पोहोचायला जेवढा काळ लागतो तेवढ्यात आमच्याकडे एखादा उड्डाणपूल बांधून होतो, आणि आमच्याकडचे उड्डाणपूल कसे बांधून होतात ते सगळ्यांना ठाऊक आहे.

त्या रविवारी प्रश्न एकाच पुस्तकाचा होता. पुराव्याचा कायदा. कायदा बदललेला, म्हणून जुनं ध्वनिमुद्रण बाद, म्हणून नवं पुस्तक नव्याने वाचून घेतलेलं. चौदा प्रकरणं. ऐकणारी एकच: दिवा स्टेशनजवळ राहणारी, कोपरीतल्या एका दवाखान्यात दिवसभर टेलिफोनवर बसणारी आणि सुटल्यावर आमच्या केंद्रात येऊन अभ्यास करणारी एक मुलगी. मुलगी आपली मी म्हणते. ती पस्तिशीची आहे आणि वकील व्हायचं ठरवून बसलेली आहे. गुरुवारी तिचा पेपर होता. याच विषयात ती आधी एकदा राहिली होती. परत राहिली तर वर्ष गेलं.

मोबाइल वाचून दाखवतो की, असं लोक म्हणतात. दाखवतो. मराठीतला कायदा त्याच्या तोंडून एकदा ऐका आणि मग मला सांगा.

पुस्तक वाचून पूर्ण झालं होतं आणि डोंबिवलीच्या कॉम्प्युटरवर पडून होतं. का पडून होतं? तर लोकार्पण व्हायचं होतं. आमच्याकडे ध्वनिपुस्तक तयार झालं की ते नुसतं ऐकायला देत नाहीत. टेबलावर संस्थेचा एकमेव अधिकृत पेन ड्राइव्ह ठेवतात, जरीच्या कापडात गुंडाळून. प्रमुख पाहुणे कापड उलगडतात. अध्यक्ष तो पेन ड्राइव्ह लाभार्थीच्या हातात देतात. सगळे कॅमेऱ्याकडे बघतात, आणि लाभार्थीला कॅमेरा कुठे आहे ते दिसत नसल्यामुळे तिला खांद्याला धरून वळवतात. या वेळी प्रमुख पाहुण्यांची तारीख मिळत नव्हती.

"पुढच्या रविवारी नक्की," अध्यक्ष म्हणाले.

"पेपर गुरुवारी आहे," मी म्हटलं.

"म्हणजे दोन-तीन दिवसांचाच काय तो फरक."

"पेपर त्या दोन-तीन दिवसांच्या आधी आहे."

खजिनदारांनी चष्मा काढून पुसला. "पेपर पुढे ढकलता येईल का, ते तिला विद्यापीठात विचारायला सांगू या का?" त्यांनी हे गंभीरपणे विचारलं. मी ते टिपणात घेतलं, कारण नंतर कुणी विश्वास ठेवला नसता.

तो अधिकृत पेन ड्राइव्ह अध्यक्षांच्या कपाटात असतो, कपाटाची किल्ली त्यांच्या जानव्याला. दुसरा कुठलाही पेन ड्राइव्ह आमच्या कॉम्प्युटरला लावायची बंदी आहे. खजिनदारांनी एकदा भाचीच्या लग्नाचे फोटो सगळ्यांना दाखवण्यासाठी आपला पेन ड्राइव्ह लावला आणि त्यातून व्हायरस आला, तेव्हापासून. ठराव खजिनदारांनीच मांडला. व्हॉट्सअॅपचाही प्रयोग आधी एका पुस्तकावर झाला होता. ज्याने त्याने आपापलं प्रकरण ग्रुपवर टाकायचं, असं ठरलं. प्रकरणं उलटसुलट आली आणि मध्येमध्ये गुलाबाची फुलं आली. ऐकणाऱ्याच्या फोनने प्रत्येक वेळी "लाल गुलाब, लाल गुलाब, जोडलेले हात" असं इमानेइतबारे वाचून दाखवलं.

तेव्हा मी म्हटलं, "मी इथून थेट कोपरीच्या कॉम्प्युटरवर पाठवते. नेटवरून."

"म्हणजे ईमेल?" सचिवांनी विचारलं.

"ईमेलमध्ये एवढं मावणार नाही. कमांडने."

आमच्या संस्थेत आवाजाची फाइल आवळून लहान करायलाही बंदी आहे; खजिनदारांच्या मते त्याने स्वराचं सत्त्व जातं. त्यामुळे एकेक प्रकरण गोणीएवढं असतं.

मी ठाण्याच्या एका कंपनीत कॉम्प्युटर विभागात नोकरी करते आणि हे काम दिवसातून अनेकदा करते. त्यात जादू काही नाही. काळ्या पडद्यावर एक ओळ लिहायची: कुठल्या आदेशाने, काय न्यायचं, कुठे ठेवायचं. आधी उगम, मग मुक्काम. एंटर. आरसिंक नावाचा जो आदेश मी वापरते तो शहाणा आहे. मध्येच संबंध तुटला तर पुन्हा तीच ओळ द्यायची. तिकडे काय पोहोचलंय ते तो बघतो आणि उरलेलं तेवढंच पाठवतो. आधी झालेलं काम पुन्हा करत नाही, कुणाचं स्वागत करत नाही, आभार मानत नाही. आमच्या कार्यकारिणीत त्याला घ्यावं असं मला नेहमी वाटतं.

मी ओळ लिहिली. तिघे मागे उभे.

"हे हॅकिंग वगैरे नाही ना?" अध्यक्ष.

"आपलाच कॉम्प्युटर, आपलीच फाइल, आपलंच केंद्र. हॅक काय करायचं?"

"पण चित्रं कुठे आहेत? फोल्डर उडत जाताना दिसतो ना एरवी?" सचिव.

"उडणारा फोल्डर हवा असेल तर मी कागदाचा करून देते."

अध्यक्ष म्हणाले, "तांत्रिक हस्तांतरण करायला हरकत नाही. मात्र औपचारिक हस्तांतरण रविवारीच." मी होकार दिला. आदेशावर बंदी घालायची तर आदेश म्हणजे काय ते माहीत असावं लागतं. ते माहीत नसल्यामुळेच मला परवानगी मिळाली.

सोसायटीच्या ऑफिसकडून घेतलेलं नेट संथ आहे. रात्रभर लागणार होतं. निघताना मी सचिवांना सांगितलं, "हा कॉम्प्युटर चालू राहू द्या. पडदा काळा दिसला तरी काम चाललंय." ते म्हणाले, "काळजीच करू नका. मी आहे ना इथे." घरी, कल्याणला पोहोचल्यावर पाहिलं तेव्हा आठवं प्रकरण जात होतं. शेवटची प्रकरणं लांब, रात्र त्यांनाच लागणार होती. मी भाजी टाकली.

सोमवारी ऑफिसमधून पाहिलं तर डोंबिवलीचा कॉम्प्युटर उत्तर देईना. कोपरीच्या केंद्रावर एक व्यवस्थापक असतात, त्यांना फोन केला. ते म्हणाले, "आलंय सगळं. फोल्डर आलाय. फोल्डरवर नाव पण बरोबर आहे."

"आत मोजलंत का?"

"आत कशाला? बाहेरून भरलेलाच दिसतोय."

संध्याकाळी तिचा फोन आला.

"जय भीम, ताई. एक विचारू? नववं प्रकरण वाचणाऱ्या बाई बऱ्या आहेत ना?"

"का गं?"

"वाक्याच्या मध्येच गेल्या. 'न्यायालयाला असे वाटल्यास की' असं म्हणाल्या आणि संपलं. न्यायालयाला काय वाटलं ते मला गुरुवारच्या आत कळलं असतं तर बरं झालं असतं."

"दहावं बघ."

"दहावं नाहीच. मी फाइलींची यादी मागवली. नऊच आहेत, आणि नववी बाकीच्यांच्या निम्मी पण नाही."

यादी तिने काळ्या पडद्यावरच मागवली होती. तिच्या कॉम्प्युटरला बोलणारा प्रोग्राम आहे, तो पडद्यावरची अक्षरं वाचतो. चित्रं, खिडक्या, बाण हे सगळं तिच्या दृष्टीने अडगळ. आमच्या व्यवस्थापकांनी तिला सुरुवातीला माउस धरायला शिकवायचा फार प्रयत्न केला होता. शेवटी तिने विचारलं, "सर, बाण कुठे आहे ते तुम्ही सांगणार असाल तर मग क्लिक पण तुम्हीच करा ना." कमांडचं तसं नाही. ओळ लिहा, उत्तरादाखल ओळ ऐका. जगातल्या फार थोड्या गोष्टी तिच्याशी इतक्या सरळ वागतात.

मी सचिवांना फोन लावला.

"काल कॉम्प्युटर बंद केलात?"

"छे. तुम्ही सांगितलं होतं ना. हातसुद्धा लावला नाही."

"मग?"

"मी फक्त मेन स्विच बंद केला."

"फक्त मेन स्विच," मी म्हटलं. त्यांना ते कौतुक वाटलं असावं. "पाटीच आहे तशी," ते म्हणाले.

पाटी आहे. दाराशेजारी, मेन स्विचच्या वर, स्टीलची, चार स्क्रूंनी ठोकलेली. "बाहेर पडताना मेन स्विच बंद करावा." खाली सचिवांच्या वडिलांचं नाव आणि "यांच्या स्मरणार्थ". आमच्या खोलीतली प्रत्येक वस्तू कुणाच्या ना कुणाच्या स्मरणार्थ आहे. पंखा एका आईच्या, खुर्च्या दोन मामांच्या. वीज गेली तरी कॉम्प्युटर चालू ठेवणारा यूपीएससुद्धा आहे, त्यावर लाल रंगात "सप्रेम भेट" लिहिलंय. त्याची बॅटरी केव्हाच गेली. अक्षरं शाबूत आहेत. पण सूचनाच कुणाच्या तरी स्मरणार्थ असलेली मी दुसरीकडे पाहिलेली नाही. सचिवांचे वडील म्हणे घरातून निघताना मेन स्विच बंद करायचे, अगदी फ्रिजसकट. त्यामुळे तो स्विच बंद करणं म्हणजे विजेची बचत नव्हे. ते श्राद्ध आहे.

ऑफिसमधून परस्पर डोंबिवलीला उतरले, सचिवांच्या घरून किल्ली घेतली. किल्ली देताना ते म्हणाले, "जाताना तेवढा मेन स्विच."

"तो चालू राहणार आहे."

"तुम्ही असताना ठीक आहे हो. पण तुम्ही निघाल्यावर?"

"निघाल्यावरच तर चालू राहायला हवाय."

त्यांनी सुस्कारा टाकला, मी त्यांच्या वडिलांबद्दल काही बोलल्यासारखा. मी खोली उघडली, वीज आणली, तीच ओळ पुन्हा दिली. आदेशाने तिकडची नऊ प्रकरणं तपासली, आठांना हात लावला नाही, नववं जिथे तुटलं होतं तिथून पुढे न्यायला लागला. समजूतदार कारकून असा असतो. मी एका कागदावर मोठ्या अक्षरांत लिहिलं: "स्विच बंद करू नये. काम चालू आहे." कागद चिकटपट्टीने स्विचवर लावला आणि घरी गेले.

सकाळी त्या खोलीत सोसायटीतल्या बायकांचा योगवर्ग असतो. मंगळवारी दुपारी पाहिलं तर डोंबिवली पुन्हा गप्प. योगाच्या बाईंना फोन केला.

"कागद वाचलात ना?"

"वाचला की. पण वर पाटी पण आहे ना, मॅडम. आमच्यात चर्चा झाली. कागद कुणीही लावतो, पाटी कमिटीची असते." मग त्यांना एकदम आठवलं. "कागद नीट घडी करून ठेवलाय हां. फाटू दिला नाही."

त्यांचं चुकलं असं म्हणता येत नाही. स्टीलवर कोरलेलं आणि कागदावर लिहिलेलं यांत आपण सगळेच स्टीलच्या बाजूने असतो, मग कोरणाऱ्याने काहीही कोरलेलं असो.

अकरा पूर्ण आणि बारावं अर्धवट, एवढं पोहोचलं होतं. मी तिला फोन केला.

"ताई, अकरापर्यंत मी आज ऐकून टाकते. मी दुपटीने ऐकते."

"कळतं?"

"तुमचं कळतं. खजिनदारांचं दीडपटीने. अध्यक्षांना तिपटीने लावते, तरी ते पुढे जात नाहीत."

मग ती म्हणाली, "बुधवारी मी रजा घेतलीय. बाकीचं दुपारपर्यंत आलं तर होईल. केंद्र आठला बंद होतं, आणि फाइल घरी न्यायला तुमची बंदी. नंतर आलं तर नको, ताई. उगाच मनात राहतं, आलं होतं आणि ऐकलं नाही असं."

मंगळवारी ऑफिसातून निघायलाच रात्र झाली, म्हणून बुधवारी मी रजा टाकली. रजेच्या अर्जात कारण लिहावं लागतं. "स्विचपाशी बसणे" लिहिणं बरं दिसलं नसतं, "वैयक्तिक" लिहिलं. योगवर्ग सुटायच्या आत खोलीत पोहोचले, बायका बाहेर पडताना स्वतः स्विचसमोर उभी राहिले. एकीने सवयीने हात पुढे केला, मला पाहून मागे घेतला. "राहू दे का?" "राहू द्या." योगाच्या बाई म्हणाल्या, "मॅडम, तुम्ही पण येत जा सकाळी, मन शांत राहतं."

ओळ दिली. पडद्यावर आकडे पुढे सरकू लागले. मी मामांच्या स्मरणार्थ असलेल्या खुर्चीवर बसून मेथी निवडली. एक संगणक ठाण्यात, एक डोंबिवलीत, मध्ये जगाला जोडणारं जाळं. आणि ते सगळं चालावं म्हणून एक बाई भिंतीवरच्या बटणाची राखण करत बसलेली. पगारी असते तर मला वॉचमन म्हटलं असतं.

मध्येच खजिनदार डोकावले. "अजून चाललंय? पेन ड्राइव्हने दोन मिनिटांत झालं असतं."

"पेन ड्राइव्ह कुठे आहे?"

"तो अध्यक्षांकडे," ते म्हणाले, आणि आपण काही महत्त्वाचं सांगितलं अशा चेहऱ्याने गेले.

बारावं गेलं, तेरावं गेलं. चौदावं निम्म्यावर असताना नेट गेलं. सोसायटीच्या ऑफिसात जाऊन पाहिलं, तर तिथला माणूस जेवायला जाताना त्यांचाही मेन स्विच बंद करून गेला होता. त्यांच्या भिंतीवर पाटीसुद्धा नाही. त्यांनी आमची पाहून शिकून घेतलं असावं. तो परत येईपर्यंत दुपार उतरली. चौदावं प्रकरण कोपरीला पोहोचलं तेव्हा मी तिला फोन केला, तर ती बारावं ऐकत होती.

"आलं सगळं," मी म्हटलं.

"मी तेराव्यापर्यंत जाईन. चौदावं बघू." तिने फोन ठेवला. वेळ वाया घालवायची तिला सवय नाही. आमच्याकडून मात्र तिला वाया गेलेला वेळच मिळाला होता.

गुरुवारी पेपर झाल्यावर तिने आपणहून फोन केला.

"बरा गेला, ताई. नवव्यातलं आलं होतं, न्यायालयाला काय वाटल्यास काय, ते सगळं लिहिलं. लेखनिकाला सांगता सांगता मला त्या बाईंचा आवाज ऐकू येत होता."

"आणि चौदावं?"

"त्यातला एक मोठा प्रश्न होता. सोडला."

"सोडून चालतं का?"

"चालत नाही. पण जे ऐकलंच नाही ते काय लिहिणार? पास होते की काठावर राहते, ते निकाल लागल्यावर कळेल." मग म्हणाली, "केंद्र बंद करताना व्यवस्थापक सरांना म्हटलं, अर्धा तास थांबा. ते म्हणाले, नियम आठचा आहे. पुस्तक येईपर्यंत रात्री चालू ठेवत होते, त्या दिवशी मेन स्विच त्यांनी पण बंद केला. ऐकू आला मला, खट्ट."

रविवारी लोकार्पण झालं. हजर: प्रमुख पाहुणे, अध्यक्ष, सचिव, खजिनदार, योगवर्गाच्या बायका, मी आणि ती. या वेळी तिला कळवलं होतं, कारण तिच्याशिवाय फोटो झाला नसता. पाहुण्यांनी कापड उलगडलं. अध्यक्षांनी पेन ड्राइव्ह तिच्या हातात ठेवला, खांद्याला धरून कॅमेऱ्याकडे वळवलं आणि माइक तिच्या हातात दिला. लाभार्थीने मनोगत व्यक्त करायचं असतं.

तिने माइक नीट धरला. "पेपर गुरुवारी झाला," ती म्हणाली. "पुस्तक चांगलं वाचलंय. हे मी कशाला लावू?"

बायकांनी टाळ्या वाजवल्या. अध्यक्ष तिच्या कानाशी वाकून म्हणाले, "कॉम्प्युटरला लावायचा, बेटा." कार्यक्रम संपल्यावर पेन ड्राइव्ह तिच्याकडून परत घेतला, एकमेव आहे ना. बाहेर पडताना सचिवांनी दिवे, पंखे आणि मग हात जोडून मेन स्विच बंद केला.

फेब्रुवारीच्या बैठकीत मी विषय मांडला: पाटी उतरवणे किंवा बदलणे. अध्यक्ष म्हणाले, स्मरणार्थ दिलेली वस्तू देणगीदाराच्या लेखी संमतीशिवाय हलवता येत नाही. देणगीदार शेजारीच बसले होते. ते म्हणाले, माझी एकट्याची नाही, भावाचीही संमती लागेल. पाटी दोघांनी मिळून दिली होती. भाऊ विठ्ठलवाडीला असतो आणि दोघांचं बोलणं नाही. खजिनदारांनी सुचवलं की मूळ पाटी तशीच ठेवून खाली दुसरी पाटी लावावी: "कॉम्प्युटरचं काम चालू असल्यास बंद करू नये." कुणाच्या स्मरणार्थ, यावर चर्चा सुरू झाली आणि चहा आला.

तिचा निकाल अजून लागलेला नाही. पुढच्या सत्राचं पुस्तक आमच्याकडे वाचून होत आलंय, यातही शेवटची प्रकरणं लांब आहेत. कोपरीला पाठवायची ओळ मी लिहून तयार ठेवली आहे. ती लिहायला मला चहा कपात ओतायला लागतो तेवढाही वेळ लागला नाही. विठ्ठलवाडीच्या भावाचा फोन नंबर मिळवला. दोनदा लावला. दुसऱ्यांदा त्यांनी उचलला, पाटीचं ऐकून घेतलं आणि विचारलं, "त्यावर माझं नाव आहे का?" नाही, म्हटलं. "मग काढा खुशाल, पण त्याने मला येऊन विचारायला हवं."

स्क्रू ड्रायव्हर माझ्या पर्समध्ये आहे. पाटी भिंतीवर आहे.